न विकलेल्या बांगड्या

तुम्हां दोघांना,

फोनवर आपण अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलतो आणि आपलं निभतं. हे मात्र मी मुद्दाम पूर्ण मराठीत लिहिते आहे. अडखळलात तर आईला विचारा. ज्या बाईबद्दल लिहायचं आहे, तिचं बोलणं मी एकदा इंग्रजीत नेलं होतं आणि तिथे पोचेपर्यंत त्याचा अर्थच बदलला होता. तीच चूक पुन्हा करायची नाही.

आताच लिहिण्याचं कारण तू आहेस, थोरले. मागच्या रविवारी तू म्हणालीस, "आजी, तुझ्या रिसर्चमधली ती बांगडीवालीची रेकॉर्डिंग्ज अजून आहेत का? आम्ही खरेदीच्या ॲपला गावाकडच्या बायकांशी त्यांच्या भाषेत बोलायला शिकवतोय. असं काही दुसऱ्या कुणाकडे नसेल." मी म्हटलं, "शोधते." तेवढ्यात धाकटा मागून ओरडला, "आजीला शोधावं लागत नाही, तिच्या कपाटात सगळ्याला लेबल असतं!"

खरं आहे. रेकॉर्डिंग्ज कुठे आहेत ते मला त्याच क्षणी माहीत होतं. ती तुला द्यावीत की नाही, हे माहीत नव्हतं.

मी गोंदियाच्या कॉलेजात वाणिज्य शिकवत होते. निवृत्ती जवळ आली तेव्हा एक संशोधन हाती घेतलं. माणसं एखादी वस्तू का घेतात, आणि हातात स्मार्टफोन आल्यावर ती कारणं बदलतात का, असा विषय होता. बिरसीला तुमच्या आजोबांच्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, घरातल्या आणि शेजारच्या सुनांच्या हातात तेव्हा नुकते फोन आले होते. साबण, साड्या, मिक्सरचं भांडं, सगळं फोनवरून यायला लागलं होतं. बांगड्या मात्र त्या फोनवरून घेत नव्हत्या. त्यासाठी त्या मंगळवारची वाट बघायच्या, कारण मंगळवारी कासारीण यायची.

ती दरेकसाची. सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला उतरायची, तिथून ऑटोने बिरसी. परतताना आमच्या गल्लीतही यायची, म्हणून माझी तिची जुनी ओळख. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान असेल. डोक्यावर पत्र्याची पेटी, खांद्यावर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. ती मला 'बाई' आणि 'तू' म्हणायची, मी तिला 'अहो' म्हणायची. आमच्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही.

मला वाटलं, हा तर आयता विषय आहे. फोन सगळं विकतो पण हिच्यापुढे हरतो. का? मी एक छोटं रेकॉर्डर घेतलं आणि दर मंगळवारी नणंदेच्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, जाऊन बसायला लागले. कासारणीची संमती हवी म्हणून कॉलेजच्या नमुन्याचा कागद छापून नेला. तिने विचारलं, "यात काय लिवलं आहे?" मी म्हटलं, "तुमचं बोलणं मी अभ्यासासाठी वापरीन, असं." ती म्हणाली, "बोलनं तं फुकटच आहे, बाई. घे जेवढं पायजे तेवढं." आणि मी बोट ठेवलं तिथे तिने सही केली.

छपरीत मोठी मजा असायची. पाच-सहा जणी गोल करून बसायच्या. एकदा शेजारची एक जण म्हणाली, "कासारीणबाई, तुमच्या बांगड्या आठ दिवस टिकत नाई."

"टिकतीन कशा? नवऱ्याले धोपटतेस त्याच हातानं."

"आवो, थो मार खात नाई, नुसता पळते!"

"मंग पळून राहिला तं त्याच्या मागं धावू नको. तेवढ्या बांगड्या वाचतीन."

आणि मग वरून विमान जायचं. बिरसीला वैमानिक शिकतात ना, त्यांची छोटी विमानं दिवसभर गावावर घिरट्या घालतात. गावातल्या बायका बोलता बोलता थांबायच्या, विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे बोलायच्या. माझं रेकॉर्डिंग मात्र बिघडायचं. मी दर वेळी ते बंद करायची आणि आवाज विरला की चालू करायची.

आता मूळ गोष्टीकडे येते. कासारीण जितक्या वेळा बांगड्या विकायची, जवळजवळ तितक्याच वेळा ती विकायला नकार द्यायची. आधी ती हात हातात घ्यायची, बोटांची मुळं चेपायची, अंगठा तळव्याकडे दुमडून बघायची. आणि मग कधी कधी हात सोडून द्यायची.

नणंदेच्या धाकट्या सुनेने एकदा फोनवर एक चित्र दाखवलं. लाल, खड्यांच्या बांगड्या. "अशाच द्या." कासारणीच्या पेटीत तशा होत्या. तरी ती म्हणाली, "हातातल्या काऊन उतरवतेस? चांगल्या तं आहेत. मंडईले घे." दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, लेकी-सुना नटतात, पाहुणे येतात. तोवर दोन महिने होते.

"पैसे मी देऊन राहिली ना! तुमाले काय?"

"मले काय? मले तं विकाच्याच आहेत. पन तू आता घेशील आन मंडईच्या दिवशी फुटक्या हातानं फिरशील."

सून फुगून बसली. त्या दिवशी विक्री झाली नाही.

आणखी एकदा तिने माझाच हात धरला. मला हिरव्या हव्या होत्या. तिने बोटांची मुळं दाबली, पुन्हा दाबली. "बाई, तुहा हात फुगून राहिला. मागच्या टायमाले असा नव्हता. आज नाई भरत मी."

"अहो, मग मोठं माप द्या ना."

"माप देईन. पन हात कायले फुगला थे पायशील का नाई? डॉक्टरकडं जा पयले."

मी हसण्यावारी नेलं. वहीत नोंद केली: 'खरेदी नाही. कारण: माप उपलब्ध नाही.' पुढे महिन्याभराने डॉक्टरांनी तपासलं, थायरॉईड निघालं. रोज सकाळी मी जी गोळी घेते, ती त्या मंगळवारपासूनची आहे असंच म्हटलं पाहिजे. पण वहीतली नोंद मी दुरुस्त केली नाही. कासारणीला सांगितलंही नाही.

आता माझी चूक. तुम्ही मला शिस्तीची म्हणता. त्या शिस्तीतच ती झाली. रेकॉर्डरमध्ये जागा थोडी होती. दर शनिवारी मी त्या आठवड्याची बैठक ऐकायची आणि ठरवायची, हे ठेवायचं की पुसायचं. माझा प्रश्न होता, बायका खरेदी का करतात. म्हणून ज्या बैठकीत खरेदी झाली ती मी ठेवली. ज्यात कुणी काहीच घेतलं नाही ती पुसली. कामाचं ठेवायचं, बिनकामाचं काढायचं, स्वयंपाकघरात आणि कपाटात करत आले तेच. सुनेची बैठक पुसली. माझ्या हाताचीही पुसली.

ठेवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र मला एक वाक्य वारंवार ऐकू यायला लागलं. कुणी ना कुणी म्हणायची, "मागच्या वेळी तुमी नाई म्हनलं होतं, आता द्या." आणि मग ती भराभर घ्यायची, एकाच्या जागी दोन डझन. मला वाटलं, सापडलं! फोन नेहमी 'घ्या, घ्या' म्हणतो. ही 'घेऊ नका' म्हणते. नकारातून विश्वास तयार होतो आणि विश्वासातून मोठी विक्री. मी निबंध लिहिला. त्यात याला 'नकाराचं तंत्र' अशा अर्थाचं भारदस्त इंग्रजी नाव दिलं.

वाणिज्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही जे दिसलं असतं ते मला दिसलं नाही. ज्या नकारानंतर विक्री झाली तेवढेच नकार मी मोजत होते. ज्यांतून पुढे कधीच काही विकलं गेलं नाही ते सगळे मी माझ्याच हाताने शनिवारी पुसून टाकले होते. मग उरलेल्या प्रत्येक नकारामागे विक्री दिसणारच.

निबंध वाचायला कॉलेजात चर्चासत्र ठेवलं. कासारणीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, ही कल्पना माझीच. मला खरंच तिचा मान करायचा होता. ती धुतलेलं लुगडं नेसून, पेटी घेऊनच आली, कारण परतीच्या गाडीआधी तिला दोन गल्ल्या करायच्या होत्या. नणंदेची धाकटी सून तिच्या शेजारी बसली. पडद्यावर कासारणीचा फोटो होता, दुसऱ्या बाईचा हात हातात घेतलेला, आणि त्याखाली ते इंग्रजी नाव. मी इंग्रजीत बोलत होते. सून बारावी झालेली, ती कासारणीच्या कानात थोडं थोडं सांगत होती.

माझं संपल्यावर बाहेरगावच्या कुठल्याशा कंपनीतले एक तरुण गृहस्थ उठले. ते म्हणाले, मॅडम, हे तर आपण ॲपमध्येही घालू शकतो. दोनदा 'आत्ता नको' म्हणायचं, तिसऱ्यांदा लोक दुप्पट घेतील. सभागृह हसलं. मीही हसले. बोलणं यशस्वी झालं की माणूस जसं हसतो तसं.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. हातात नारळ. तिने मला पहिल्यांदाच 'बाई' सोडून 'मॅडम' म्हटलं.

"मॅडम, त्या पडद्यावर माझं काय लिवलं होतं?"

"तुमचं कौतुक होतं. तुम्ही किती हुशारीने विकता, ते."

"म्हंजे मी नको घेऊ म्हनते, थे विकासाठी म्हनते?"

सून मामीजी, मामीजी करत मध्ये काही तरी बोलू पाहत होती. मी तिला थांबवलं. त्या क्षणी नुसतं 'नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "तसा तुमचा हेतू नसेल हो. पण परिणाम तसाच होतो ना."

ती नुसतं "असं आहे का," म्हणाली. शालीची घडी केली, पेटी उघडून बांगड्यांच्या खाली ठेवली, नारळ वर ठेवला आणि गेली. राग नाही, आवाज चढवणं नाही. रागावली असती तर मी माफी तरी मागितली असती.

त्यानंतर ती आमच्या गल्लीत आली नाही. पलीकडच्या गल्लीतून तिची हाक ऐकू यायची, मग ती हाक लांब जायची. तुमचे आजोबा म्हणाले, "जाऊन बोलून ये." मी म्हटलं, येईल आपणहून.

बिरसीला मात्र ती जात राहिली. दिवाळीला मी तिकडे गेले तेव्हा धाकट्या सुनेला विचारलं, "कासारीण येते ना?"

"येते, मामीजी. पण आता मजा नाई राहिली."

"का गं?"

"काही बोलतच नाई. जे मागितलं थे देते. काल मी मुद्दाम म्हनलं, या घेऊ का तीनही डझन? म्हनाली, घे. हात पन दाबून पाहत नाई, मापाच्या कड्या आनल्या आहेत, त्या घालून पाहते." मग ती म्हणाली, "असंच घ्याचं असंल तं फोन काय वाईट आहे? घरी बसून येते."

पुढच्या वर्षी त्या घरातल्या बांगड्याही फोनवरून यायला लागल्या. माझ्या निबंधाला तोवर विद्यापीठात बक्षीस मिळालं होतं. त्याची चौकट तुम्ही लहानपणी पाहिली आहे, जिन्यातली. तुम्ही विचारायचात, "आजी, हे कशाचं?" मी म्हणायची, "बांगड्यांचं." तुम्ही हसायचात.

तिचं गिऱ्हाईक फोनने नेलं असतंच, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. कदाचित नेलं असतं. पण ती 'नको' म्हणायची थांबली ती फोनमुळे नाही. तिच्या चांगुलपणाला मी चलाखी म्हटलं आणि नंतर तिला स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटायला लागली. 'नको घेऊ' म्हणताना आपण समोरचीला फसवतो आहोत का, असं तिला वाटत राहिलं असेल. तिने बोलणंच सोडून दिलं.

तर, थोरले, तुझा फोन आल्यानंतर गुरुवारी मी दरेकसाला गेले. तो संमतीचा कागद आहे माझ्याकडे, सहीसकट. पण त्याच्या जोरावर मला काही द्यायचं नव्हतं.

स्टेशनवरून तिचं घर विचारत गेले. सगळीकडे मोहाच्या फुलांचा वास होता. ती अंगणात वाळत घातलेली मोहफुलं हाताने सारखी करत होती. गुडघे गेलेत, फिरती बंद झाली आहे. मला पाहून उठली नाही.

"आलीस? रस्ता भुलली का?"

"भुलले नाही. तुमच्याकडेच आले."

"एवढ्या वर्सानं? मंग काही तरी कामच असन."

तिच्या सुनेने चटई टाकली, पाणी आणलं. मी सगळं सांगितलं. नात परदेशात आहे, फोनला बोलायला शिकवते, तुमचा आवाज तिला हवा आहे.

"फोन माझ्यासारखा बोलन?"

"तुमच्या भाषेत बोलेल."

"विकासाठी?"

"हो," मी म्हटलं. या वेळी तरी खरं बोलायचं होतं.

ती फुलं चाळत राहिली. मग म्हणाली, "दे. मले त्याचं काय लोणचं घालाचं आहे? पन नातीले एक सांगजो. जेथी जेथी मी नको घेऊ म्हनलं, थे काढू नको म्हना. थे लोक तेवढंच काढून टाकतीन, पायजो तू."

तेव्हा सांगायला हवं होतं की काढणारी मीच होते, आणि ते कधीच काढून झालं आहे. मी म्हटलं, "हो. सांगते."

निघताना तिने माझा हात धरला. आजोबा गेल्यापासून माझ्या हातात नुसतं घड्याळ असतं. तिने बोटांची मुळं चेपली, जुन्या सवयीने. "आता बरा आहे," म्हणाली. "तवा फुगला होता. गेली होतीस का मंग डॉक्टरकडं?"

"गेले होते."

"मले सांगितलं नाई."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. सालेकसा, आमगाव, सगळी स्टेशनं गेली. मला काही दिसलं नाही.

घरी येऊन कपाटातला पेन ड्राइव्ह काढला आणि सगळं पहिल्यापासून ऐकलं. तीन दिवस लागले. अकरा बैठका आहेत. अकराही बैठकांत विक्री होते. हसणं आहे, टोमणे आहेत, घासाघीस आहे. तिने 'नको' म्हटलेलं कुठेच नाही. तुझ्या ॲपला हव्या तशाच, साफसूफ करून ठेवलेल्या बैठका.

शेवटी एक फाइल होती, तिच्यावर माझंच लेबल: 'खराब नमुना. विमान.' रेकॉर्डिंग कसं करू नये हे विद्यार्थ्यांना दाखवायला मी ती वेगळी ठेवली होती आणि नंतर विसरले. त्या दिवशी रेकॉर्डर बंद करायला मला उशीर झाला असावा. सुरुवातीला बांगड्यांचा आवाज, कुणी तरी म्हणते, "या दाखवा." मग विमान जवळ येतं, सगळं त्या घरघरीत बुडायला लागतं. विमान अगदी डोक्यावर येण्याआधी तिचा आवाज येतो, "नको घेऊ, माय. आता नको." पुढचं ऐकू येत नाही. ती कुणाला म्हणाली, का म्हणाली, तिने नंतर कधी घेतल्या का, काही कळत नाही.

त्या अकरा बैठका मी तुला पाठवणार नाही. तुझ्यावर राग नाही, तुझं काम मी समजते. पण त्या ऐकून तुझा फोन जे शिकेल ती कासारीण नाही. ती मी शनिवारी बसून कापून तयार केलेली बाई आहे. ते विमानाचं रेकॉर्डिंग हवं असेल तर देईन, पण आधी दरेकसाला जाऊन, तिला माझ्या फोनवर ते ऐकवून आणि बाकीचं काय झालं ते सांगून. अजून सांगितलेलं नाही. चौकट मात्र जिन्यातून उतरवली आहे.

तिच्या 'नको'चं आता उरलं आहे ते एवढंच: कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात एक पेन ड्राइव्ह, त्यात विमानाच्या घरघरीखाली तिचे पाच शब्द. आणि दरेकसाला ती स्वतः आहे.